टेपखालचं बोट

नमस्कार. कामं बाजूला ठेवून आपण सगळे आलात. चामराजपेटेतले अक्काच्या दुकानाचे शेजारी आलेत, थेट जयनगरहून तिच्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका आल्यात. मी तिचा धाकटा भाऊ, शाम. मला चार माणसांत बोलायची सवय नाही. घरातसुद्धा अक्काच बोलायची. मी ऐकायचो.

अक्का गेल्या मंगळवारी गेली. दुकानात, मशीनवर बसलेली असतानाच. मला तिला एक गोष्ट सांगायची होती, ती राहिली. ती आज तुमच्यासमोर सांगतो.

ही पुढे बसलीय ती माझी मुलगी, पुट्टी. ती जन्मली तेव्हा तिच्या हृदयातल्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली होती. आठव्या दिवशी ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदयाचं काम झालं. आता मेंदूकडे लक्ष द्यायचं. अशा बाळांच्या मेंदूला पोटात असल्यापासूनच प्राणवायू कमी पडलेला असू शकतो. वाढ मागे राहू शकते. दर महिन्याला डोक्याचा घेर मोजा. आणि तीन महिन्यांनी नक्की दाखवायला आणा."

मोजणार कोण? अक्का म्हणाली, "शामू, तीस वर्षं लोकांची मापं घेतेय मी. एवढंसं डोकं मोजायला मला शिकवतोस?"

दर महिन्याला ती यायची. टेप लावायची, आकडा सांगायची, मी वहीत लिहायचो. आकडे छान होते. इतके छान की तीन महिन्यांची तारीख आली तेव्हा मी म्हटलं, सगळीकडे सर्दीखोकला चालू आहे, डोकं तर वाढतंय, कशाला न्यायचं? सविता, माझी बायको, म्हणाली, "जाऊन येऊ की." मी नाही म्हटलं. नेऊ नका, असं अक्का म्हणाली नव्हती. एवढं लक्षात ठेवा.

सहाव्या महिन्यात गेलो. पुट्टी अजून मान नीट धरत नव्हती. आम्हाला वाटायचं, ऑपरेशन झालंय, दमत असेल. नर्सने डोकं मोजलं. आकडा आमच्या वहीपेक्षा कमी आला. पुन्हा मोजलं. तेवढाच. मग डॉक्टरीणबाई अक्काला म्हणाल्या, "तुम्ही कसं मोजता, दाखवा बघू."

अक्काने टेप लावला. टेपखाली तिचं बोट होतं.

ब्लाउज शिवणाऱ्या बाईचं बोट. कपडा अंगाला काचू नये म्हणून ते आपोआप आत जातं, माप तेवढं जास्त येतं. तीस वर्षं जात होतं. तिला स्वतःलाही ते माहीत नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात मी तिला म्हणालो, "तुझ्या बोटामुळे माझ्या मुलीचे तीन महिने गेले."

ती म्हणाली, "सरी." बरं, एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून पुट्टी तिच्या दुकानात. थेरपिस्टबाईंनी सांगितलेला एकेक व्यायाम ती करून घ्यायची. कापड कापायच्या टेबलावर पालथं घालायचं, समोर रिळं फिरवायची. "पुट्टी, हे बघ लाल! हे कुणाच्या ब्लाउजचं? त्या भांडखोर मामींचं!" मामी तिथेच बसलेल्या असायच्या. त्याही हसायच्या.

आणि तुम्हा बायकांना आठवत असेल, त्या वर्षी अक्काचे ब्लाउज घट्ट यायला लागले. तुम्ही तिच्याशी भांडलात. "अक्का, स्वल्प सैल ठेवा हो, श्वास कोंडतो!" ती उसवून द्यायची. घट्ट का येतात, ते तिने तुम्हाला कधी सांगितलं नाही. टेपखाली बोट घालायची तिला भीती बसली होती.

आता राहिलेलं सांगतो.

दवाखान्यात त्या दिवशी बोटाचं कळल्यावर अक्का पुट्टीला घेऊन बाहेर गेली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, "टेपमुळे हे झालेलं नाही. हे जन्माआधीच सुरू झालं होतं. तारखेला आला असतात, तर व्यायाम लवकर सुरू झाले असते."

तारखेला. तारीख कुणी चुकवली? मी चुकवली. हे ऐकून मी बाहेर आलो. आणि तरीही अक्काला ते वाक्य बोललो.

पाच वर्षं मी ते मागे घेतलं नाही. रोज पुट्टीला दुकानात सोडायचो. रोज वाटायचं, उद्या सांगू. अक्का रोज विचारायची, "शामू, कॉफी घेणार?" मी म्हणायचो, "उशीर होतोय."

पुट्टी उशिरा चालली. उशिरा बोलली. अजूनही तिला शब्द शोधावा लागतो. आज सकाळी तिने अक्काने शिवलेल्या फ्रॉकची बटणं स्वतः लावली. एक बटण चुकीच्या काजात गेलंय. मी ते तसंच राहू दिलंय.

अक्का, बोटभर चूक तुझी होती. बाकीची सगळी माझी.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू या. पुट्टी सकाळपासून काहीतरी विचारायचं जुळवतेय. तिला वेळ लागतो. ती मध्येच बोलली, तर कृपा करून तिला गप्प करू नका. अक्काने कधीच केलं नाही.