तीन चिमण्या आणि एक बुटकं कपाट

हॅलो?… हॅलो! आधी एक सांगा, तुम्ही माणूस आहात की यंत्र?

नाही, नाही, ठेवू नका! सॉरी, खरंच सॉरी. मैत्रिणींनी पैज लावली होती, हेल्पलाइन लागली की पहिला प्रश्न हाच विचारायचा. मी म्हटलं, विचारणारच!… सकाळपासून तिसऱ्यांदा? मग तुम्ही नक्की माणूस. यंत्र इतकं वैतागत नाही.

हो, हो, कामाचंच बोलते. तर ताई… ताई म्हटलं तर चालेल ना? आमच्या आईबाबांची कपाटं बनवायची कंपनी आहे. वरच्या मजल्यावर आई नकाशे काढते, खाली बाबांचं वर्कशॉप. दोघंही नकाशांसाठी तुमचंच सॉफ्टवेअर वापरतात. सुट्टीत घरी लोळतेय म्हणून आईनं मला कामाला लावलंय. कंपनीत कुठलं सबस्क्रिप्शन दोनदा घेतलंय ते शोध आणि जास्तीचं बंद कर. मला वाटलं, हा तर डाव्या हातचा मळ!… नाही ना. म्हणून तर तुम्हाला फोन.

खातं कोणाच्या नावावर? चिमणी.… हसू नका हो. घरातलं नाव आहे माझं.… किती? तीन? थांबा, थांबा. वर एक, खाली एक, झाली दोन. तिसरी चिमणी कुठून उडत आली?

आमच्याकडे सगळ्यालाच माझं नाव देतात. तिजोरी चिमणी, वायफाय चिमणी. कुत्र्याला तेवढं दिलं नाही, नशीब!… कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? तेच मी हिशेबाच्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, बिलावर चिमणी दिसलं की मला वाटायचं तुझी शिकवणी. मुलीच्या शिक्षणात मी कशाला मोडता घालू?" तीन-तीन शिकवण्या! आणि गणितात मार्क बघा माझे.

बरं, ती तिसरी… चार वर्षांपूर्वीची? आत काय आहे?… एकच नकाशा? काय नाव?… "बाहुलीचं घर"?

ताई, ती मीच हो. शाळेच्या प्रकल्पासाठी बाबांनी उघडून दिलं होतं, महिनाभर फुकट म्हणून.… तेव्हापासून चालूच आहे? अरे देवा. सकाळपासून मी सगळ्यांना उधळे म्हणत फिरतेय आणि सगळ्यात मोठी उधळी मी!

ते राहू दे आत्ता. खालचं बंद करा. बाबांचं.… का? नकाशे सारखेच असणार ना, कंपनी एकच, कपाटं एकच… बघून घेऊ? बरं. दोघांचे लॅपटॉप आहेत इथे. हं, उघडले. "दवाखान्याचं औषधांचं कपाट". वर पण आहे, खाली पण आहे. झालं?… उंची? आईकडे दोनशे दहा सेंटीमीटर. बाबांकडे… एकशे नव्वद.

अं?

नाही, बरोबर वाचलं मी. दोनशे दहा. एकशे नव्वद. कपाट एकच आहे हो! कोणतं खरं?… मला काय विचारता, मीच तुम्हाला विचारतेय!… कोपऱ्यात घड्याळाचं चित्र? हं. दाबलं. आईनं मंगळवारी बदललंय. बाबांकडची त्याच्या आधीच्या शुक्रवारी पेनड्राइव्हवरून घेतलेली प्रत. म्हणजे बदल खाली आलाच नाही?… खाती वेगळी, म्हणून जातच नाही? कधीच? पण आईला वाटतं जातो! आणि बाबांना वाटतं, खाली काही दिसलं नाही म्हणजे बदल नाही.

ताई… एक मिनिट हं.

ते कपाट बुटकं झालं ना, त्यावरून मिस्त्रीकाकांना घरी पाठवलंय. आज सकाळी. आमचे सुतार. मी रांगत होते तेव्हापासून आहेत. ते सांगत होते, कागदावर एकशे नव्वदच होतं. आई म्हणाली, माझ्यासमोर दोनशे दहा दिसतंय, तुम्हाला आता नीट दिसत नाही काका. त्यांनी चष्मा काढून नुसता पुसला. भांडले पण नाहीत. पिशवी उचलली आणि गेले. त्यांना परत बोलवायचं की नाही, ते आत्ता शेजारच्या खोलीत आईबाबा ठरवतायत.… छे, रडत नाहीये. आवाजच तसा आहे माझा.

सांगा, आता करायचं काय?… सगळे नकाशे एका खात्यात आणायचे. मग बाकीची दोन बंद. मग वर बदललं की खाली लगेच दिसेल. कळलं.… नाही कळलं, परत सांगा.… हां, आता कळलं. बाहुलीचं घर पण येईल ना त्यात? मग ठीक.

मुख्य माणूस कोण म्हणजे? एकच नाव द्यायचं? अवघड आहे. आईचं घातलं तर बाबा रुसणार, बाबांचं घातलं तर आई दिवसभर भांडी आपटणार.… बदल झाला की त्या माणसाला फोनवर कळतं? आणि त्यानं "पाहिलं" दाबल्याशिवाय नकाशा छापताच येत नाही, असं ठेवता येतं? खरंच? ताई, तुम्ही यंत्र असतात ना, तरी मी तुम्हाला मिठी मारली असती!

करा मग!… वय? चौदा. म्हणजे पंधरा होतीलच.… मोठ्यांचा होकार लागतो? माझा चालत नाही? बरं. जाते. तुम्ही पण चला, फोनसकट नेते. दोन लॅपटॉप काखेत, फोन मानेत… घाबरतेय? थोडीशी. गेल्या वर्षी वर्गात माझी हजेरीसुद्धा मैत्रिणी द्यायच्या, माहितीये? आता बघा.

दार वाजवू की… नको. सरळच.

आई, बाबा, मधेच बोलतेय, ओरडू नका. कपाट काकांमुळे बुटकं झालं नाही. आई, हे तुझं, दोनशे दहा. बाबा, हे तुमचं, एकशे नव्वद. कागद यातूनच छापलात ना? काकांनी जे दिसलं तेच कापलं.… तिसरी चिमणी माझी, कबूल, ते नंतर! आधी ऐका. मी ठरवलंय. खातं एकच राहणार. आई, तुझ्या नावावर नाही. बाबा, तुमच्याही नाही. मिस्त्रीकाकांच्या नावावर. त्यांनी पाहिल्याशिवाय इथे एकही नकाशा छापला जाणार नाही.… हो, चष्मा लावूनच पाहतील!

ताई, ऐकलंत? होकार अजून तोंडातून आलेला नाही, पण चेहऱ्यावर आलाय. पाच मिनिटांनी पुन्हा फोन करते. हा फोन आईचा आहे आणि तिला आता तो लागणार आहे.

घे आई. काकांचा नंबर लाव.