काकीने नवरदेवाचं नाक ओढलं

मी तापीकाठच्या प्रकाशा गावची. आई गेली तेव्हा मी रांगत होते म्हणतात, मला तिचं तोंडही आठवत नाही. शेजारी गुजर शेतकऱ्याचं घर, त्यांच्यात गुजराती बोलणं, आमच्यात अहिराणी, मधली भिंत एकच, आणि त्या घरच्या रेवाकाकीने मला न्हाऊमाखू घालून वाढवलं. चौथीपर्यंत शिकले, पण चारचौघांत बोलायची लाज, म्हणून बघायची खोड लागली. लग्न कुणाचंही असो, मी खांब धरून बघत बसायची.

काय सांगू तुम्हाला, किती वेगळं असायचं! आमच्यात नवरी पिवळ्या लुगड्यात, त्यांच्यात पांढऱ्या, लाल काठाच्या. आमच्यात अंतरपाट आणि अक्षता, त्यांच्यात चार कोपऱ्यांना मडक्यांच्या उतरंडी, मध्ये अग्नी, भोवती फेरे. आणि नवल म्हणजे, नवरदेव दारात आला की नवरीची आई त्याचं नाक धरायला जायची, तो मान चुकवायचा, बाया हसून हसून वाकायच्या. मी काकीला विचारलं, नाक कशाला, तर म्हणाली, आमची पोर मागायला आलास तर वाकून ये, एवढंच. आमच्यात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, तो का, हे मात्र आमच्यातल्या कुणी मला सांगितलं नाही.

मग माझं लग्न ठरलं, म्हसावदला. वडील काकीला म्हणाले, वहिनी, आईच्या जागी तुम्हीच उभ्या राहा. वऱ्हाड आलं, काकीने नवरदेवाचे पाय धुतले, ओवाळलं, सगळं आमच्या रीतीचं, आणि ताट खाली ठेवून सरळ त्याचं नाक चिमटीत धरून ओढलं. वाजंत्री थांबली. सासरे ओरडले, इतला लोकेसमा मन्हा पोऱ्यानं नाक वढं! जुपा रे गाड्या! आणि सोडलेले बैल खरंच परत जुंपायला लागले. वडील हात जोडून उभे, काकी तोंडात पदर धरून भिंतीला टेकलेली, आणि मी आत, हळदीच्या अंगाने, कवाडाच्या फटीतून हे बघतेय. दारातून वऱ्हाड परत गेलेल्या पोरीला पुन्हा कोण मागणार?

तेवढ्यात सासऱ्यांची थोरली बहीण गाडीतून उतरली, काकीसमोर येऊन म्हणाली, का वं बाई, नाक कसाले वढं? रागाने नाही, खरंच विचारत होती. काकीने तेच सांगितलं, पोर मागायला आलास तर वाकून ये. आत्याबाई म्हणाल्या, बरं शे की! आते मंडपमा भाऊ कान धरी, ते चाली, आनी नाक धरेल नही चाले? मग सासऱ्यांकडे वळून, तुन्हं नाक कोन्ही वढं नही ना, म्हनीसन असा ताठ ऱ्हायना तू. बाया फिसकन हसल्या, नवरदेवही नाक चोळत हसले. सासरे मिशीवर हात फिरवत म्हणाले, बैलांना वैरण टाका.

पण मला कोडं पडलेलंच. काकीने आमची कितीतरी लग्नं पाहिलेली, आमच्यात नाक ओढत नाहीत हे तिला माझ्याइतकंच ठाऊक. पहिल्या माहेरपणाला धीर करून विचारलं. भाकरी थापता थापता, वर न बघता म्हणाली, दीकरी, लेकी माझी, मला सगळे मुलगेच. मुलाच्या आईला कुणाचं नाक धरायला मिळतं? माझ्या दारात जावई यायचा तो हा एकच.

काकी आता थकलीय, डोळ्यांनी दिसत नाही. आम्ही गेलो की आवाजावरून ओळखते, आणि मला सोडून आधी सुनांना हाक मारते, जावयाला पाट मांडा गं. देव तिला सुखात ठेवो.