रेषा नसलेले अंगठे

तुम्ही काजूगर खाताय म्हणून आठवलं. साठ सालच्या आसपास मी मालवणजवळच्या एका काजू कारखान्यात वजनकाट्यावर कामाला होतो. तिथे बिया फोडणाऱ्या बायकांनी युनियन काढली, तर मालकाने त्यांच्या पुढारी सुभद्राकाकीलाच कामावरून काढलं. मग मी आमदारांना अर्ज लिहून दिला : युनियन केली म्हणून कोणाला काढता येणार नाही, असा पक्का कायदा करा. खाली चाळीस बायकांनी अंगठे उठवले.

आमदार कुडाळला आले तेव्हा आम्ही सगळे गेलो. त्यांनी अर्ज खिडकीपाशी उजेडात धरला आणि बघतच राहिले.

"हे अंगठे कोणाचे? एकातही रेषा नाही!"

मीही वाकून बघितलं. शाई मीच लावली होती, पण निरखून कुठे बघितलं होतं?

काकीने हात पुढे केला. "बघा सायबानू. बियेच्या तेलान सगळ्यो रेषा खाल्ल्यान."

मग एकेक हात पुढे आला. सगळे अंगठे काळे, गुळगुळीत.

आमदार हळूच म्हणाले, "पण कोणता कोणाचा, कसं ओळखायचं?"

काकी म्हणाली, "ता ओळखूक कित्याक व्हया? खंयच्याय अंगठ्याक हाक मारा, चाळीसय जणी येतलंव."

त्यांनी विधानसभेत प्रश्न मांडला. कायदा लगेच झाला नाही, पण मालकाने घाबरून काकीला परत घेतलं.

त्या दिवशी घरी येऊन मी बायकोचा हात दाराच्या उजेडात धरला. तीही त्या चाळीसजणींतलीच. सात वर्षांच्या संसारात तिचा अंगठा मी कधी बघितलाच नव्हता.