पाठीमागच्या टाळ्या

हसायचं तर हसा, पण कापडाचे लूम दुरुस्त करणाऱ्या एका जॉबरवर मी असा जळलोय की विचारू नका.

मॅट्रिक अजून अकरावीला होती तेव्हाची गोष्ट. धामणकर नाक्याजवळच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचो. पोरांना पुढच्या वाटा कळाव्यात म्हणून मी फळ्यावर सायन्स, कॉमर्स, आयटीआय असं सगळं लिहून तासभर बोललो. निम्मा वर्ग पेंगत होता.

मग बोलावलेले पाहुणे आले, हेच ते जॉबर, गणपतदादा. अंबाडीकडचे, चौथी शिकलेले. त्यांनी खिशातून सूत काढलं, तोडलं आणि डोळे मिटून गाठ मारून पुन्हा जोडलं.

"कुठं गाठ हाय ती दाखवा," म्हणाले.

कुणालाच दिसेना. पोरं बाकांवर चढली. दादा जायला वळले तशा ज्या टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात! चार वर्षांत मला त्या वर्गानं एक टाळी दिली नव्हती. आणि हा गडी मागे वळूनही बघेना. म्हटलं, काय हा माज!

व्हरांड्यात त्यांनी मला थांबवलं.

"सर, पोरांना आवडलं का न्हाय? मोठ्यानं सांगा. लूमच्या खडखडाटात कान गेलेत माझे. समोरच्याचं तोंड बघून कळतं, पाठीमागचं काय ऐकू येत न्हाय."

वर्गात टाळ्या अजून चालूच होत्या.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं, "ठीक होतं!"