कढीपत्त्याचा पंचनामा

आणि वर म्हणते काय, "चारच पानं घेतली, नाना!" चार? अहो, मनगटाएवढी फांदी होती बाईच्या हातात... कडकन मोडलेली, साल लोंबतेय! माझी बरगडी मोडावी तसं झालं हो.

चौऱ्याण्णव साली सटाण्याहून, मेहुणीच्या मळ्यातून आणलेलं कढीपत्त्याचं रोप... एसटीत मांडीवर घेऊन! पाच वर्षं घरातलं आंबट ताक त्याच्या बुडाशी ओतलं. आमची बायको, सविता, म्हणायची, "मला कधी विचारलंत, ताक पिणार का म्हणून?" पण झाड काय झालं म्हणता! गंगापूर रोडवरून आमच्या गल्लीत वळलात की वास! तिथेच घात झाला. अख्ख्या कॉलनीला माझं फाटक दिसलं की फोडणी आठवायची. "चारच पानं हं, नाना!" पानं खुडायची सोडून डहाळ्या ओरबाडतात मेले! काटेरी तार लावली, तर तारेवर गोणपाट टाकून आले!

तर ही शेजारीण, शकुबाई. मी म्हटलं, "फांदी खाली ठेवा!" ती म्हणते, "नाही ठेवत, काय करणार?" मी ओढली, तिनं ओढली, मी जीव खाऊन ओढली... तिनं सोडली! मी थेट तुळशीवृंदावनावर! उठलो, काठी फिरवली, तिचा चष्मा उडाला. तिनं माझीच कुंडी उचलली, शेवंतीसकट, आणि घातली डोक्यात! तीन टाके! रक्त माझं गळतंय आणि बोंबलतेय कोण? "मारलं हो, मला मारलं!"

पट्टी बांधून तडक चौकीत गेलो. म्हटलं, आता झाडाला संरक्षण मिळेल! हवालदार आले, गल्लीतलेच दोन पंच धरले. "मुद्देमाल जप्त करावा लागेल." मोडलेली फांदी घेतली. मग म्हणे, "नमुना पाहिजे." दुसरी तोडली! पंच म्हणाले, "साहेब, आम्हालाही... चारच पानं!" कोयता कोणाचा? माझाच! सपासप! तासाभरात राहिला काय, तर गुडघ्याएवढा खुंट. मी अंगावर धावून गेलो, तर हवालदार म्हणाले, "सरकारी कामात अडथळा आणू नका."

संध्याकाळी सविता म्हणाली, "आज ताक उरलंय, कढी करते. कढीपत्ता तेवढा शकुबाईंकडून आणा." मी? हे फुटकं डोकं घेऊन? गेलो हो! तिनं फ्रिज उघडला. गेल्या आठवड्यातली माझीच पानं, धुऊन, पुसून, पिशवीत! हातावर ठेवत विचारते, "टाके कधी काढणार, नाना?"

म्हटलं, "सोमवारी." आणि तुम्हाला सांगतो... थँक्यू म्हणून घरी आलो.