सहदेवने गायब केलेली टाकी

...अहो, पण टाकी दिसणार नाही म्हणजे नक्की कोणाला दिसणार नाही, हे आधी विचारायला नको का लोकांनी? तुम्हाला सांगतो, आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत त्या सहदेवचं डोकं पिकलं सांगून सांगून! "अहो, आपल्या डोळ्यांना नाही, टीव्हीच्या लहरींना!" की लगेच सेक्रेटरी मारुतराव गच्चीकडे बोट करणार, "पण टाकी तर दिसतेय की!"

झालेलं असं, की सोसायटीने गच्चीवर ही भलीमोठी लोखंडी टाकी बसवली, नेमकी सहदेवच्या अँटेनासमोर! लहरी टाकीवर आपटायच्या आणि टीव्हीत एकाची दोन माणसं... बातम्या देणारी बाई दोन, दोघींना मिळून तीन कान! आणि नेमकं तेव्हाच सहदेवच्या बायकोचं, कलावतीचं, भजन टीव्हीवर लागायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा! आंबिवलीहून नणंद गोदूबाई येणार, अख्खा मजला येणार... "मी दोन-दोन दिसले ना," कलावती म्हणाली, "तर तुम्ही मला एकही दिसू नका!"

आता सहदेव वागळे इस्टेटमध्ये, अँटेना बनवायच्या कारखान्यात. गप्प बसतोय कुठला? टाकीभोवती तांब्याच्या तारेची कडी, ढीगभर कडी, लहरीच्या मापाने वाकवून वाकवून... म्हणजे लहर टाकीवर आपटायचीच नाही, ओढ्याचं पाणी दगडाला वळसा घालतं तशी बाजूने वळून पुढे जाणार. लहरीपुरती टाकी गायब! आणि खोटं कशाला बोलू, झाली हो गायब! पहिलं चॅनेल लावलं तर चित्र कसं लख्ख! सहदेवच्या डोळ्यांत पाणी. मारुतराव गच्चीवर जाऊन आले. "टाकी तर दिसतेय की!"

रविवारी खोली गच्च. कलावती भजनात नेसलेली तीच साडी नेसून टीव्हीसमोर बसलेली... आणि ऐनवेळी दिल्लीहून कोणाचं तरी भाषण! पहिल्या चॅनेलवर भाषण, आणि भजन ढकललं दुसऱ्यावर! सहदेव पांढराफटक. अहो, कडी पहिल्या चॅनेलच्या लहरीच्या मापाची, दुसऱ्याची लहर वेगळी, तिला ती नुसती आडवी आलेली तारच की! बटण फिरवलं... मुंग्या! पडदाभर मुंग्या! आवाज मात्र खणखणीत, कलावतीने एकटीने उचललेला अभंग... गोदूबाई पडद्याला नाक लावून, "अगं वहिनी, तू कुठं दिसतच नाहीस गं!"

वाईट वाटलं हो. केवढ्या हौसेने बसली होती बाई... तिने टीव्ही बंद केला आणि सहदेवकडे वळून बघितलं.

तुम्हाला सांगतो, सहदेव हळूच उठला, मारुतरावांचा हात धरला. "टाकीची ती तार सोडवा हो... आणि मला गुंडाळा."

मारुतरावांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा कलावतीकडे.

"गुंडाळतो की," म्हणाले, "पण तुम्ही दिसाल हो!"