दत्ताच्या दोन किडन्या

मोबाइलवर शिकवून चांगले डॉक्टर तयार होतात का, ते मला विचारू नका. नट मात्र नक्की तयार होतात!

सोलापूरला मेडिकलला होतो तेव्हा सरांनी काम दिलं, पेशंटला वाईट बातमी कशी सांगायची, त्याचा मोबाइलवर व्हिडिओ करून आणा. मी डॉक्टर झालो, माझा रूममेट दत्ता पेशंट. दोन्ही किडन्या गेल्यात म्हणून मी सांगितलं, तो रडला. सरांनी बघितलं आणि म्हणाले, "पेशंट खरा वाटत नाही. परत करा."

दत्ताला असला राग आला, त्यानं तोच व्हिडिओ स्टेटसला टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी होस्टेलसमोर मंद्रूपची, म्हणजे दत्ताच्या गावची जीप! दत्ताचे चुलते आले होते. शेताच्या बांधावरून दोन्ही घरांत कित्येक वर्षं बोलणं बंद, पण हे उतरले तेच सदऱ्याची बाही वर सारत.

"माजी किडनी घ्या की! घरात एवढी माणसं हायती, अन् पोरगं हितं एकटं रडतंय व्हय?"

"अण्णा, ते नाटक हाय! अभ्यासाचं!" दत्ता ओरडला. "मी ठणठणीत हाय!"

"गप बस. तुज्या बापाला सांग, बांध त्यो म्हणंल तितं घालू. आता कशाला भांडायचं?"

दत्तानं माझ्याकडं बघितलं, मग कंबर धरून हळूच पायरीवर बसला आणि कण्हत म्हणाला, "अण्णा... तेवढं बाबांना आत्ताच फोनवर सांगता का?"

आता मात्र पेशंट एकदम खरा वाटत होता. मी गुपचूप मोबाइल काढला आणि रेकॉर्डिंग चालू केलं.